फियोनाला विचारू नये

मी, आन्ना पास्कल तुस्कानो, वय एकोणसत्तर, मूळची वसईची, हल्ली मुक्काम व्हिटबी, कॅनडा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. मला ईस्टर गाठता येईल असे डॉक्टरांना वाटत नाही. ऐकून काही वाटले नाही. हल्ली कशाचेच वाटत नाही.

१. घर व बँकेतली शिल्लक माझी नात फियोना हिला. तिची आई बाळंतपणातच गेली. बाप, म्हणजे माझा मुलगा व्हिक्टर, २००४ साली आखातात कामावर असताना मारला गेला. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे.

२. व्हिक्टरची पान्यांची पेटीही तिलाच. कंपनीने पाठवली तशी बेसमेंटमध्ये पडून आहे. मी उघडलेली नाही.

३. बर्फाचे फावडे माझा भाऊ नेल्सन याला. सात हिवाळ्यांत त्याने एकदाही ड्राइव्हवे शोव्हल केला नाही. "भरपाई घेऊन टाक, मेलेला काय परत येतो?" हे सांगायला मात्र दर नाताळात आला, आणि केक खाऊन गेला.

४. व्हिक्टरला मारले ते त्याच्याच खोलीतल्या नंदकुमारने. तो हिंदू, आम्ही ख्रिस्ती, पण खटला तिथल्या शरीयत न्यायालयात चालला. गुन्हा शाबीत झाला. तिथे शिक्षेचा शेवटचा शब्द वारसांचा: फाशी मागा, भरपाई घ्या, नाहीतर माफ करा. वारस आम्ही दोघीच. मी फाशी मागितली. फियोना अज्ञान, म्हणून ती सज्ञान होईपर्यंत शिक्षेचा निर्णय थांबला आहे.

येत्या मार्चमध्ये तिला अठरा पूर्ण होतील. नंदकुमारची आई फोन करते, "ताई, पोरीला एक शब्द बोलायला सांगा ना." परवा भांडी पुसता पुसता फियोनाने विचारले, "आजी, इफ आय से येस टू द हँगिंग, डिड आय किल हिम?" तिच्या हातातले ताट घेऊन मी पुन्हा पुसले.

५. दोघींपैकी एकीने माफ केले तरी फाशी टळते, हे तिथल्या वकिलाने पहिल्याच वर्षी सांगितले होते. म्हणून मी नंदकुमारला माफ करते. भरपाई नको. मनातून माफ केलेले नाही. प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की मी अजून गप्प राहते. पण न्यायालयाला माझी सही पुरते. आता फियोनाला कोणी काही विचारू नये. पुढेही कधी नाही.

याची प्रत शेजारचा मिलिंद ओटावा शहरातल्या त्या देशाच्या वकिलातीत नेऊन देईल.

बाकीची कलमे मी गेल्यावर लागू. पाचवे आजपासून.

सही: आन्ना पास्कल तुस्कानो
साक्षीदार: मिलिंद करकरे, रश्मी करकरे
व्हिटबी, २७ नोव्हेंबर २०११