कमळाची कापलेली पानं

३ जून

चि. भाऊस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

घरामागच्या तळ्यात चोर शिरलाय. कमळाच्या पानांतून कुणीतरी बोटाच्या पेराएवढे लंबगोल तुकडे कापून नेतंय. तीस वर्षं शिवणाचा वर्ग चालवला, काप मला ओळखता येतो. हा कात्रीचाच! तळं कुजलेलं दिसलं की ते बुजवून रस्ता काढणाऱ्यांचं फावेल, असा कुणाचा तरी डाव आहे.

त्यात परवा एक चष्मेवाला काठावर पालथा पडून पाण्यात डोकावत होता. हटकलं, तर तुझ्या कीटकसंग्रहालयातला निघाला. पुढे मात्र मिठाची गुळणी. भाऊ, घर दोघांचं आहे. रस्त्याला आतून तुझा होकार नाही ना? रस्त्याचे पाहणीवाले अकरा तारखेला येणार आहेत.

रागातही माया आहे, हे ध्यानात ठेव.

ताई

८ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझा चोर म्हणजे नखाएवढ्या पांढरट पतंगाची अळी. ती पानाचे दोन तुकडे कापते, स्वतःच्या रेशमाने जोडते आणि त्या पाकिटात राहून पाण्यावर वाढते. तुझ्या वर्गात पहिली आली असती! पुढे पतंग होऊन जेमतेम चार दिवस जगते, पानाखाली अंडी घालते की संपलं.

हा पतंग आसपास दुसऱ्या कुठल्याच तळ्यात उरलेला नाही. पाहणीत तो दिसला तर रस्ता वळवावा लागेल. चष्मेवाल्याला मीच गप्प राहायला सांगितलं होतं. तुझ्या पोटात काही राहत नाही, आणि बातमी फुटली तर कुणी तळ्यात औषध ओतेल, अशी भीती वाटली. चुकलं माझं. भोकं पडलेल्या पानांना हात लावू नकोस.

तुझ्या शिव्यांसह लोभ हवाच आहे.

भाऊ

१२ जून

चि. भाऊस,

आशीर्वाद.

तुझं पत्र आज मिळालं. पाहणी काल झाली.

तुझं उत्तर येईना, तसा माझा संशय बळावला. दहा तारखेला मी गुडघाभर पाण्यात उतरले, भोकांचं पान न् पान उपटून उन्हात टाकलं. तुमचा डाव उधळला म्हणून खुशीत होते. आज ती वाळलेली पाकिटं उसवून पाहिली. आत अळ्या होत्या. टाका फार बारीक आहे रे. मला रडू आवरेना.

काल तळं लख्ख ठेवलंय म्हणून पाहणीच्या साहेबांनी माझं कौतुक केलं आणि कागद पुढे केला. जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला, तुझ्यावरसुद्धा, आणि तो कागद तेवढा न वाचता सही केली. नक्कल आत्ता वाचली. ‘तळ्यात कुठलाही जीव राहत नाही, घरमालकिणीची खात्री आहे,’ असं लिहिलंय.

जमलं तर लोभ ठेव.

ताई