आधी आपलं नाव सांगा

मी, वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाची निवृत्त प्रमुख, विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘हाडवाल्या बाई’, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला देणारा डॉक्टर माझ्याकडे तोंडी परीक्षेत दोनदा आपटला होता. तेव्हा वशिल्याचा संशय कोणी घेऊ नये.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीला. स्वयंपाकघराची खिडकी जोरात ओढू नये, हातात येते.

२. माझे चिमटे आणि कात्र्या विभागाला. त्या कात्र्यांनी पाकिटं कापताना कोणी दिसलं, तर मी कुठे असेन तिथून ओरडेन.

३. शल्यचिकित्सा विभागाचे माजी प्रमुख माझे शेजारी आहेत. हॉस्पिटलची लिफ्ट ते नेहमी आधी पळवत. वर ऐकवत, ‘‘बाई, तुमच्या माणसांना कसली घाई?’’ स्नेहसंमेलनाच्या नाटकासाठी त्यांनी माझा सांगाडा नेला आणि एका पायाने अधू करून परत पाठवला. माझी काळी छत्री त्यांना देते. ती कित्येक वर्षं त्यांच्याकडेच आहे, आता निदान उजळ माथ्याने वापरतील.

४. माझा देह महाविद्यालयाला. विच्छेदनगृहातलं उत्तरेच्या खिडकीजवळचं टेबल मिळावं, उजेड तिथेच चांगला येतो.

नव्या मंडळींना ठाऊक नसेल म्हणून लिहिते. हे महाविद्यालय घोड्यांच्या तबेल्यात सुरू झालं. पुढे खाटा होत्या, मागे वर्ग. पावसात छत गळलं की रुग्ण कोरड्या बाजूला आणि विद्यार्थी गळक्या बाजूला. मग दगडी इमारत आली, वॉर्ड वाढले, तबेल्याच्या जागी रक्तपेढी झाली. एक रीत मात्र तबेल्यातल्या पहिल्या मास्तरांपासून चालत आली. पहिल्या दिवशी सुरी हातात घेण्याआधी प्रत्येक विद्यार्थी टेबलापाशी उभा राहून त्या देहाला आपलं नाव सांगतो. ज्याच्याकडून शिकायचं, त्याला आपण कोण ते सांगायला नको? नवे अधिष्ठाता म्हणतात, यात वेळ जातो. जाऊ दे की! माझ्या टेबलापाशी ही रीत मोडायची नाही.

५. आता खरी अडचण. जवळच्या नातेवाइकाने हरकत घेतली, तर महाविद्यालय देह घेत नाही, मग मी कागदावर काहीही लिहो. आणि माझी मुलगी नको म्हणते.

ती माझ्याच वर्गात होती. पहिल्या दिवशी टेबलापाशी आली, तोंड उघडलं आणि नाव सांगण्याआधीच धाडकन पडली. पुन्हा त्या दाराशी फिरकली नाही. आज ती लाकडाची कामं करते. तिने केलेल्या स्टुलावर बसूनच हे लिहिते आहे. हत्ती बसला तरी कुरकुरणार नाही.

गेल्या रविवारी तिला सांगितलं, तर म्हणाली, ‘‘परकी पोरं तुझ्यावर सुऱ्या चालवणार? मला नाही गं सहन होणार.’’

‘‘अगं, आजवर आरडाओरडा करून शिकवलं, आता गप्प राहून शिकवीन.’’

‘‘आई, प्रत्येक गोष्टीत चेष्टा नको.’’

बरं, नाही करत. जन्मभर लोकांनी दिलेल्या देहांवर मी शिकवलं. स्वतःची वेळ आल्यावर मागच्या दाराने पळाले, तर मला लाज वाटेल. तरीही शेवटचा शब्द मुलीचा. ती नाही म्हणाली तर मला वाईट वाटेल, फार वाटेल, पण तिला कोणी बोल लावायचा नाही.

सही: हाडवाल्या बाई

साक्षीदार: १. माजी शल्यचिकित्सा प्रमुख (छत्री मिळाली. लिफ्टबद्दलचा मजकूर अमान्य.)
२. कोपऱ्यावरचे औषधविक्रेते

ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: महाविद्यालयाच्या वर्धापनदिनाचा दुसरा दिवस

मुलीचं निवेदन: सगळं वाचलं. रडले, मग छत्रीपाशी हसले. माझी हरकत नाही. अट एकच. पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांच्या आधी मला आत सोडायचं. माझं नाव सांगायचं राहिलंय.

तिच्या सहीखाली माझी पुरवणी: ते स्टूल टेबलाशेजारी ठेवा. पोरगी पुन्हा पडेल.