राखायला मागितलेल्या बिया

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुझ्यापेक्षा म्हातारी आहे, तेव्हा मुकाट्यानं ऐकून घे. काल पाद्री देवळात मिस्सेच्या प्रार्थनेला सांगत होता, आपल्याकडे आहे ते सगळं देवाचं, आपण नुसते राखणदार. नवा आहे, गोड बोलतो. मला मात्र तू दिसलीस, आत्याच्या दारात ताठ उभी.

इंग्रजांचं राज्य होतं, मुंबईची बोट रेवदंड्याला लागायची, आणि तू डोक्यावर भाजीची पाटी घेऊन होडीनं खाडी ओलांडायचीस. त्या वर्षी उधाणानं बांध फोडला, वाड्यांत खारं पाणी शिरलं. गावातले भोपळ्याचे सगळे वेल कुजले. आपला एक गोठ्यामागं उंचवट्यावर होता, तो वाचला, आणि त्याला एकच भोपळा धरला. तुझ्या आजीपासून चालत आलेलं बी, तेवढंच उरलेलं. आणि नव्या भाताच्या सणाला वाडीतलं पहिलं फळ देवळात न्यायचं ही आपली रीत. बाबा म्हणाले, यंदा राहू दे, देवाकडं भोपळे कमी हायत काय? तू भोपळा पदरानं पुसत म्हणालीस, "पुष्कळ हायत. त्यातलाच ह्यो एक." तुझ्याशी बोलून कोण जिंकलंय.

मिस्सा झाली की देवळाच्या अंगणात देवाला वाहिलेल्या वस्तूंची बोली लागते. तुझा बेत मला ठाऊक होता. आपणच बोली लावायची, भोपळा घरी आणायचा, म्हणजे देवाचंही झालं नि बियांचंही. पण आत्या उभी राहिली. बाबांची सख्खी बहीण, पण कुंपणाच्या भांडणावरून तिचं-तुझं बोलणं बंद. तू आकडा बोललीस की ती मुद्दाम वर चढवायची. शेवटी भोपळा तिच्या कडेवर बसून गेला, पोरासारखा.

त्याच दुपारी आत्या विळीवर बसलीय, भोपळा अर्धा चिरलाय, आणि तू माझा हात धरून दारात. आत पाऊल टाकत नाहीस. "वन्सं, बिया द्या."

आत्या मान वर न करता म्हणते, "देवाला दिलेलं माघारी मागतेस, वयनी?"

"माघारी न्हाय. राखायला मागते. गर तुमचा."

आत्यानं विळी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "तर उंबऱ्यात काय उभी? ये, हात घाल." दोघी बिया काढत बसलात, हात बुळबुळीत. अर्ध्या तिनं टिकाव्यात म्हणून स्वतःच्याच भिंतीला शेणात थापल्या. तुझी वाडी सखल, म्हणाली, परत पाणी शिरलं तर पुन्हा माझ्या दारात येशील. कुंपणाचा विषय कुणीच काढला नाही.

त्याच बियांचे वेल आज माझ्या परसात आहेत. मागेल त्याला बी देते, वर दोन शब्द सुनावते, ते तुझ्याकडूनच आलंय. सून म्हणते, बाजारात पुडीत तयार बी मिळतं. मिळू दे.

हा लिहिलेला कागद कुणाला देणार? मागची बाजू कोरी आहे, नातीला चित्रं काढायला होईल. फक्त एक राहिलं. त्या दिवशी आत्यानं आपल्याला जेवायला बसवलं. घरी येताना तू विचारलंस, तिची भाजी कशी होती, आणि मी म्हटलं, तुझ्यासारखी न्हाय. तू खूश झालीस. तुझ्यापेक्षा चांगली होती, आये.