पाच तासांचा उशीर

प्रिय खारुताई,

तुझा राजीनाम्याचा मसुदा मिळाला. भाषा तपासायला पाठवलास, तपासली. आठ ओळींत तीनदा ‘लाज’ आणि दोनदा ‘अक्षम्य’! विमान कंपनीला लिहितेयस की देवाला? मी वाचता वाचता इतका हसलो की चष्मा काढून पुसावा लागला.

झालं ते मी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे तुला जरा लांबून दिसेल. कामाची पाळी संपताना तुमच्याकडे हत्यारं मोजतात. फळ्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली, त्याच जागी ते टांगायचं. मंगळवारी दुपारी एका छोट्या स्क्रूड्रायव्हरची जागा रिकामी दिसली. तुम्ही दुरुस्त केलेलं विमान निघायच्या बेतात, माणसं चढून बसलेली. तू मोजणीच्या कागदावर सही केली नाहीस. माणसं उतरवली, विमान हँगरमध्ये परत ओढून आणलं, झाकणं उघडली, पाच तास सगळे गुडघ्यांवर रांगले आणि स्क्रूड्रायव्हर निघाला कुठे, तर तुझ्या जेवणाच्या पिशवीत! डब्याचं झाकण अडकलं म्हणून तू त्यानंच उचकटलं होतंस. आता सगळे तुला ‘डबा’ म्हणतात. अगं, म्हणू देत. मला तुमच्याच कंपनीच्या कचेरीत पस्तीस वर्षं ‘काळी फाईल’ म्हणायचे, मी कधी मनाला लावून घेतलं?

म्हणणाऱ्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. कंपनीच्या जीवघेण्या अपघातांच्या फायली माझ्याच ताब्यात होत्या. साठ वर्षांत चार अपघात. पहिला धुक्यात झाला, दुसऱ्यात इंजिन पेटलं. चौथ्यात धाकट्या वैमानिकाला चूक दिसली होती, पण थोरल्यापुढे तोंड उघडायचा त्याला धीर झाला नाही. तिसरी फाईल मला पाठ आहे. शेपटीत राहून गेलेला एक स्क्रूड्रायव्हर आणि एकतीस माणसं. फळ्यावरची जागा त्या दिवशीही रिकामी होती. मोजणाऱ्यानं ती पाहिली आणि सही ठोकून मोकळा झाला. त्याचा जबाब मीच टाइप केला. वाईट माणूस नव्हता गं. उशीर झाला तर साहेब ओरडतील, चारचौघांत हसं होईल, एवढीच त्याची भीती.

तुमच्या फाटकावर ‘बारा वर्षांत एकही अपघात नाही’ अशी पाटी आहे. कंपनी ती मिरवते, मिरवू दे. पण ती टिकते तुझ्यासारख्यांच्या फजितीवर. हत्यार पिशवीत आहे हे सापडल्यावर कळलं. सही नाकारताना तुला कुठे माहीत होतं? सुखरूप उतरलेल्या विमानांच्या फायली कुणी करत नाही. केल्या असत्या तर कचेरी पुरली नसती, आणि मला नोकरीत काय मजा आली असती! बरं, साहेबांनी तुला काढलंय का? नाही. हत्यारांनी डबे उघडू नयेत अशी सूचना लावली, संपलं. मग तूच का गाशा गुंडाळतेस?

आता मी एवढा खूश का, त्याचं खरं कारण. हे पत्र मी दार लोटून लिहितोय, कारण तुझ्या आईला यातलं काही सांगितलेलं नाही. मंगळवारी मावशीकडून परतताना तिनं तुमच्याच विमानतळावर विमान बदललं. तू कामावर असशील, उगाच धावपळ करशील, म्हणून तुला कळवलं नाही. घरी आल्यापासून तिची एकच टकळी: चढवलं काय, उतरवलं काय, पाच तास ताटकळत ठेवलं, पाय सुजले, कोण तो बावळट, एकदा समोर येऊ दे, कानच उपटते! आत्ताही बाहेर शेजारणीला तेच ऐकवतेय. पोरी, मी रोज मन लावून ऐकतो, ‘पुन्हा पहिल्यापासून सांग’ म्हणतो, आणि मला इतका आनंद होतो की तिला संशय यायला लागलाय. राजीनामा फाडून टाकलाय. रविवारी घरी ये आणि त्या बावळटाचं नाव तिला तूच सांग.

तुझ्यावर भलताच खूश असलेला,
तुझाच,
बाबा