मी सोबत होते

लोधीपुरा, मंगळवार, दिवेलागण

माझ्या रेणूवर जबरदस्ती करणाऱ्याला वरच्या कोर्टाने सोडलं. दुपारी वकीलसाहेबांचा फोन आला. म्हणाले, "ताई, बेटीच्या बयानात काही खोट नाही. तुमच्या बयानावर मामला अटकला."

माझ्याच. पोलिसांना मी आधी सांगितलं होतं, केळीच्या बागेत मी रेणूसोबत होते, जरा पुढे गेले तेवढ्यात झालं. खोटं होतं ते. पोर एकटी गेली होती. पण एकटी गेली म्हटलं की लोक तिलाच नावं ठेवतात, पुढे सोयरीक जुळत नाही. म्हणून तेवढं एक वाक्य. खालच्या कोर्टात मी खरं सांगून टाकलं. तिथल्या जजसाहेबांनी रेणूला समोर उभं राहून बोलताना पाहिलं होतं, त्यांनी मानलं. वरच्यांनी नुसते कागद वाचले. म्हणे, आईच खोटं बोलली, मग पोरीवर भरवसा कसा ठेवायचा?

मी सोबत होते. का बोलले मी ते?

रेणूने सगळं ऐकून घेतलं. आत्ता शनवारा मोहल्ल्यात शिवणाच्या क्लासला निघाली, तर मी घाईघाईने चप्पल घातली. म्हटलं, "थांब, मी येते सोबत."

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "त्या दिवशी यायचं होतंस, आई."