बत्तिसावी सुपारी

मी, विष्णू त्र्यंबक घाणेकर, वय एकसष्ट, धंदा यात्रा कंपनी (गेल्या वैशाखापासून बंद), राहणार अंबरनाथ, स्टेशनच्या पूर्वेला, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी छाती दोन वर्षांपासून दगा देते आहे, पण डोके ठिकाणावर आहे. डॉक्टर हेमचंद्र कोतवाल यांनी आज सकाळी मला वार, तिथी आणि माझ्या दोन्ही मुलांची नावे विचारली. ती मी सांगितली आणि न विचारता पंजाब मेलची कल्याणची वेळही सांगितली. त्यांनी मला शुद्धीवर असल्याचे लिहून दिले आहे. हे लिहिण्यासाठी कोणी माझ्यावर दडपण आणलेले नाही. दडपण आहे ते माझ्याच मनावर, आणि ते पाचव्या कलमात येईल. वाचणाऱ्याने मधली कलमे गाळून तिकडे उडी मारू नये. मलाही तिथवर पोहोचायला वेळ लागणार आहे.

कलम पहिले. राहते घर, मागची विहीर आणि दोन नारळ माझा मुलगा चिरंजीव गुरुदत्त याला मिळावेत. गुरुदत्त कारखान्यात इन्स्पेक्टर आहे आणि बापाच्या धंद्याला 'लोकांची हमाली' म्हणतो. त्याचे अगदीच चुकते असे नाही. मात्र पाचव्या कलमातले काम त्याने केले तरच घर त्याचे. न केल्यास घर त्याच्या बहिणीचे, म्हणजे सौ. सुनेत्राचे. वकिलांना विचारून हे लिहिले आहे, त्याने पुन्हा विचारायला जाऊ नये.

कलम दुसरे. 'सुखयात्रा कंपनी' हे नाव कोणी चालवू नये. कचेरीवरची पाटी उतरवून तिचे फळकूट बंबात घालावे. तीवर नावाखाली 'घरच्यासारखी काळजी' असे लिहिले आहे. ते शब्द मीच सुचवले होते आणि रंगाऱ्याला अक्षर मोठे काढायला लावले होते.

कलम तिसरे. उल्हासनगरात, कॅम्प पाचमध्ये, शेठ किशनचंद यांच्या कापडाच्या दुकानातली अर्धी जागा मी शाखा म्हणून घेतली होती. ती त्यांची त्यांना परत करावी, टेबलासकट. तीन वर्षांत त्या टेबलावर एकही सिंधी गिऱ्हाईक बसले नाही. मी काश्मीरची रंगीत चित्रे लावली, पहलगामला बर्फ पडल्याची बातमी कापून काचेवर चिकटवली. किशनचंद एकदा ती बातमी वाचून मला म्हणाले, "साईं, घूम घूम के तो इधर पहुँचे हैं. अब बैठने दो." त्या दिवशी मी हसलो. आता वाटते, आमच्या धंद्यातले शहाणे बोलणे मी तेवढेच ऐकले.

कलम चौथे. मोठी पातेली, शेगडी, चार कंदील आणि सतरंज्या आमच्या आचाऱ्याला द्याव्यात. वर्तमानपत्रांच्या कात्रणांची वही आणि तक्रारवही सौ. सुनेत्राला बदलापुरास पाठवावी. तिला लहानपणी ती वाचून हसायला यायचे. पूल वाहून गेला, घाट बंद झाला, परवान्याचे नियम बदलले, अमुक गाडी आता अमुक स्टेशनावर थांबणार नाही, असल्या बातम्या मी रोज कापत असे, आणि गिऱ्हाइकाला वाटे की घाट विष्णुपंतांनीच बंद केला. तक्रारवहीत एका ऑफिसरबाईंनी लिहिले आहे की पौर्णिमा सांगून आग्र्याला आणले आणि ढग दाखवले. एका गृहस्थाने पाच सहलींत पाच वेळा खिडकी मागितली आणि पाचही वेळा खिडकीशी बसून झोप काढली. रामेश्वराला समुद्राचा आवाज फार येतो, अशीही एक तक्रार आहे. मी सगळ्यांची समजूत घातली. लोकांची समजूत घालणे मला फार चांगले जमते, आणि तेच पुढे माझ्या मुळावर आले.

सुनेत्राने त्या वहीतले कार्तिक १९५३ चे पान पाहावे. ते कोरे आहे. त्या सहलीत एकच तक्रार होण्यासारखी होती आणि ती करणारे माणूस परत आले नाही.

कलम पाचवे. पितळी गडवा आणि त्यातल्या सुपाऱ्या.

हा गडवा माझ्या आईचा, कैलासवासी रखमाबाईचा. तिच्या वडिलांनी एकदा पंगतीत बोट दाखवून स्वतःची नातवंडे मोजली, नऊ भरली. त्याच वर्षी प्लेगात पाच गेली. तेव्हापासून आमच्याकडे माणसे मोजत नाहीत. कंपनी काढली तेव्हा आईने एवढीच अट घातली की यात्रेकरूंची डोकी मोजायची नाहीत. म्हणून हा गडवा. रेल्वेचा राखीव डबा घेतला की जितकी माणसे तितक्या सुपाऱ्या गडव्यात घालून तो मी दाराशी ठेवी. खाली उतरणाऱ्याने एक सुपारी उचलून सोबत न्यायची आणि परत चढताना गडव्यात टाकायची. सुपाऱ्या पुऱ्या भरल्या की गाडी सोडायला हरकत नाही. लोकांना ही रीत आवडे. म्हाताऱ्या माणसांना आमच्याबरोबर पाठवायला घरचे तयार होत ते या गडव्यामुळेच.

कार्तिकातल्या त्या काशी-प्रयाग सहलीत बत्तीस माणसे होती. सोनिवलीच्या सगुणाबाई हिरू भोईर त्यांतल्या एक. शेतकरी घरातली बाई, वय पासष्टीच्या आसपास, कल्याणच्या पलीकडे कधी गेलेली नाही. मुलगा भगवंत तिला घेऊन कचेरीत आला. मी तिला काश्मीरची चित्रे दाखवू लागलो तर म्हणाली, "त्ये ऱ्हाऊ दे बाबा. मना येकदा गंगा बगाची हाय, मंग मी मोकली." भगवंताने तिचे गाठोडे स्वतः डब्यात ठेवले आणि मला म्हणाला, "पंत, तुमच्या हवाली केली." मी त्याच्या खांद्यावर थोपटले.

त्याच सहलीत आमच्या आळीतले जयदेव कारकून होते. त्यांना सुपारीचे व्यसन. खाली उतरताना उचललेली सुपारी ते चघळून टाकत आणि रिकाम्या हाताने वर चढत. मनमाडला एक कमी भरली, ती जयदेवांनी खाल्लेली. खांडव्याला एक कमी, तीही त्यांनीच. दोन्ही वेळा सगळा डबा हसला आणि मी खिशातली सुपारी गडव्यात टाकून भरती केली.

इटारसीला आमचा डबा एका गाडीपासून सोडवून दुसरीला जोडायचा होता. दोन तास लागतील असे सांगितले होते, पण सकाळी साडेदहालाच गार्ड आला आणि म्हणाला, चला, सुटतेय. मी गडवा पालथा केला. एकतीस. जयदेवांकडे पाहिले तर त्यांचे तोंड भरलेले. मी म्हणालो, "काय जयदेव, पुन्हा?" ते मान हलवून हसले. मी खिशातली सुपारी टाकली, बत्तीस केल्या आणि गार्डला हात दाखवला.

त्या वेळी त्यांच्या तोंडात सुपारी नव्हती, फलाटावर घेतलेले भजे होते. हे मला दुपारी कळले. जेवणाची पाने मांडताना सगुणाबाईंच्या जागी नुसते गाठोडे होते.

पुढच्या थांब्यावरून मी इटारसीच्या स्टेशनमास्तरांना तार केली. लगेच उलट जायला हवे होते. पण डब्यातली ऑफिसर मंडळी म्हणाली, आमची रजा मोजकी आहे, तुम्ही नसलात तर आम्ही जबलपूरला कोणाच्या भरवशावर उतरायचे? मी त्यांचीही समजूत घालत बसलो आणि एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी इटारसीला परतलो. फलाट, धर्मशाळा, इस्पितळ, बाजार, सगळीकडे फिरलो. बाई कोणालाही दिसली नव्हती.

आता खरे कलम लिहितो. पोलिसांना, आणि घरी आल्यावर भगवंताला, मी सांगितले की गाडी सुटताना गडव्यात बत्तीस सुपाऱ्या होत्या. म्हणजे बाई डब्यात परत आली होती आणि मग आपल्या मनाने पुन्हा उतरली. बत्तीस होत्या हे खरे. बत्तिसावी माझ्या खिशातली होती, हे मी सांगितले नाही. कंपनी बुडेल, लोक आईबाप पाठवायचे थांबतील, एवढाच विचार तेव्हा माझ्या डोक्यात होता. आज लिहायलाही लाज वाटते.

गावाने माझा शब्द खरा मानला. सोनिवलीत बोलले जाऊ लागले की सगुणाबाई संसाराला विटून बैराग्यांबरोबर गेली. कोणी म्हणाले, सुनेने छळले असेल. भगवंताच्या मुलीचे, विठाचे, ठरलेले लग्न मोडले. मुलाकडचे म्हणाले, आजी अशी निघून गेलेल्या घरातली मुलगी नको. भगवंत आईचे श्राद्ध घालू शकत नाही, कारण ती गेली असे म्हणायला आधार नाही, आणि वाट पाहू शकत नाही, कारण माझ्या सांगण्याप्रमाणे तिने घर सोडले. चार वर्षे तो दर सोमवारी कचेरीत येतो. हंगामात काकड्या, नाहीतर वाल घेऊन येतो. "पंत, काय खबर हाय का?" एवढेच विचारतो. मी म्हणतो, "नाही रे." तो काकड्या ठेवून जातो. त्याने एकदा तरी शिवी दिली असती तर मला झोप लागली असती.

त्या फेरीनंतर कंपनीच्या नऊ सहली झाल्या. दर वेळी निघताना सुपाऱ्या मी स्वतः मोजून टाकल्या. आणि दर वेळी वाटेत कुठल्या ना कुठल्या स्टेशनात गडवा पालथा केला की एक जास्त भरली. गुरुदत्त म्हणेल, बाबांनी मोजण्यात चूक केली. पहिल्या दोन वेळा मीही तेच म्हणालो. तिसऱ्या वेळी सुपाऱ्यांना शेंदूर लावून नेल्या. जास्तीची निघाली ती बिनशेंदराची. डब्यात सगळी माणसे बसलेली असायची आणि तरी सगळे आले असे म्हणायला माझी जीभ रेटत नसे. नवव्या सहलीनंतर मी धंदा बंद केला. लोकांना वाटले, छातीमुळे. त्या नऊ सुपाऱ्या कपाटात वेगळ्या पुडीत आहेत. त्या कोणी खाऊ नयेत, पूजेलाही घेऊ नयेत. गडव्यासह भगवंताच्या हवाली कराव्यात, तो ठरवील.

गुरुदत्तने करायचे काम असे: माझ्या तेराव्याच्या आत सोनिवलीला मारुतीच्या देवळासमोर गाव जमवून हे पाचवे कलम सबंध, एक शब्द न गाळता, मोठ्याने वाचावे. मी स्वतः का वाचत नाही असे कोणी विचारील. मला भीती वाटते, एवढेच उत्तर आहे.

कलम सहावे. सोनिवलीच्या वाटेवर मी यात्रेकरूंच्या विश्रामगृहासाठी घेतलेली जमीन भगवंताला देणार होतो. काल त्याला बोलावून या कागदाचा कच्चा मसुदा वाचून दाखवला. त्याने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाला, यावर साक्षीदार म्हणून माझी सही घ्या. वकिलांचे म्हणणे, ज्याला मिळायचे त्याची साक्ष नसावी, पुढे कोर्टात कीस काढतात. मी भगवंताला तसे सांगितले. तो म्हणाला, "जमीन नको. सई केली म्हंजी ह्ये कागदावं खरं झालं ना? मंग सईच करतंव." म्हणून ती जमीन मी त्याची मुलगी विठा हिच्या नावे करतो. तिने ती घ्यावी अशी माझी विनंती आहे, नको म्हणाली तर आग्रह करू नये.

कलम सातवे. माझ्या अस्थी गंगेला नेऊ नयेत. गाडीने कुठेच नेऊ नयेत. उल्हास नदी जवळ आहे.

अंबरनाथ, माघ शुद्ध दशमी, शके १८७९, सन १९५८.

(सही) विष्णू त्र्यंबक घाणेकर

साक्षीदार पहिला: (सही) डॉ. हेमचंद्र कोतवाल

जोड, दुसऱ्या साक्षीदाराच्या सहीआधी लिहिलेली:

भगवंत मराठी चौथीपर्यंत शिकलेला आहे. आज त्याने कागद स्वतः वाचला, बोट ठेवून, सगळा. मग टाक खाली ठेवला आणि विचारले, "आई उतरली तवा तुमी कुटं व्हतात, पंत? त्ये यात नाय." ते लिहिल्याशिवाय सही करणार नाही म्हणाला. म्हणून लिहितो.

मी दारात होतो. फलाट तिसरा, नळ पार मागच्या टोकाला. सगुणाबाई रिकामा तांब्या घेऊन पायरीवर थांबली आणि मला म्हणाली, "मना वाचता येत नाय. सगल्या गाड्या सारक्याच दिसतान. तू हितंच दारान उबा ऱ्हा बाबा, तुना बगून मी येन." मी म्हणालो, "जा सगुणाबाई, मी इथेच उभा आहे." ती गेली. तेवढ्यात आत खिडकीवरून दोघांची जुंपली म्हणून मला हाक आली आणि मी त्यांची समजूत घालायला आत गेलो. गार्ड येईपर्यंत मी दाराशी परत आलो नाही.

वरील मजकूर वाचला.

साक्षीदार दुसरा: (सही) भगवंत हिरू भोईर, सगुणाबाईचा मुलगा, राहणार सोनिवली