डाव्या वळणावरचं विश्वविजेतेपद

२८ ऑगस्ट, लेश्नो, पोलंड

सरकारने, चर्चने, निदान नगरपालिकेने तरी यात लक्ष घालावं. लहानपणी कोल्हापुरात ज्या एरंडेलाच्या भीतीने मी माळ्यावर लपायचो, ते आता माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसलं आहे. जावई झेनॉन शर्यतीच्या मोटारसायकलच्या इंजिनात तेच ओततो, आणि त्याचे कपडे चुलीपाशी वाळतात. आज बिटाच्या सारालाही तोच वास. मुलगी ऊर्सुला, आईसारखीच पक्की पोलिश, म्हणते, "बाबा, हा विजयाचा वास आहे." असेल. आमच्याकडे त्या वासानंतर विजय नव्हे, वेगळंच काही व्हायचं.

३० ऑगस्ट

झेनॉन राष्ट्रीय संघात! दहा तारखेला व्रोत्सवाफला विश्वविजेतेपदाची लढत. पोलंडने हा चषक अजून एकदाही जिंकलेला नाही. आमच्या वर्तमानपत्राच्या संपादकांनी वार्ताहर म्हणून मलाच नेमलं — 'घरचीच बातमी आहे, चूक व्हायची नाही.'

संध्याकाळी झेनॉनने काकडीच्या लोणच्यासाठी हात पुढे केला. बरणी चुकली. दोनदा. ऊर्सुला घरात नव्हती, म्हणून बोलला. महिन्यापूर्वी शर्यतीत पडला तेव्हापासून डावा डोळा धूसर आहे. मोटारसायकलला ब्रेक नाही, राखेच्या गोल धावपट्टीवर चारही फेऱ्या फक्त डावीकडे वळायचं, आणि गेला तो नेमका डावा. देवाच्या विनोदबुद्धीबद्दल मला पूर्वीपासून शंका आहे.

पाच तारखेला डॉक्टर सगळ्यांचे डोळे तपासणार.

१ सप्टेंबर

मुलाखतीच्या निमित्ताने संघाच्या डॉक्टरांच्या खोलीत बसलो. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. मुलाखत चार ओळींची झाली, तक्ता दहा ओळींचा. दोन्ही वहीत उतरले.

२ सप्टेंबर

मी पाठशाळेत बारा वर्षं वेद घोकले, तेव्हा वडील विचारायचे, "याचा पुढे उपयोग काय?" आज उत्तर मिळालं. डॉक्टर अक्षरं ओळीने विचारत नाहीत, मध्येच कुठेही काठी ठेवतात. काठी कुठे आहे एवढं झेनॉनला दिसतं. म्हणून आधी सरळ, मग जोड्यांनी, मग उलट — अगदी शास्त्रोक्त पठण चाललं आहे.

"सासरेबुवा, असं तुम्ही देवासाठी म्हणायचात?"

"हो. तिथेही समोरचं काही दिसत नसे."

५ सप्टेंबर

उत्तीर्ण. डॉक्टर म्हणाले, "इतकी तेज नजर संघात दुसऱ्या कोणाची नाही." ऊर्सुलाने केक केला. तिला काहीच माहीत नाही.

१० सप्टेंबर, व्रोत्सवाफ

जिंकलो. एका गुणाने.

हजारो माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात कार्यक्रमपत्रिका नि पेन्सिल. दर शर्यतीचे गुण स्वतः भरल्याशिवाय इथे कोणाचा निकालावर विश्वास बसत नाही. शेवटच्या शर्यतीआधी शेजारचा खाणकामगार मला म्हणाला, "आता तुमचा पोरगा पहिलाच यायला हवा. दुसरा आला तरी संपलं."

"माझा पोरगा कशावरून?"

"साहेब, अर्धी पेन्सिल खाल्लीत तुम्ही."

शेवटच्या वळणापर्यंत स्वीडनचा गडी पुढे होता. झेनॉन त्याच्या बाहेरून, कुंपणाला जवळजवळ घासत गेला. माझ्या तोंडात राख, डोळ्यांत राख. खाणकामगाराने मला उचललं. खाली ठेवल्यावर त्याने आधी गुण भरले, मग रडला.

पुढे गाड्यांजवळ गाठलं तेव्हा झेनॉन माझ्या कानात म्हणाला, "वळणावर तो दिसलाच नाही. नुसता आवाज येत होता. आवाजाच्या बाहेरून गेलो." हसत होता.

मी बातमीत लिहिलं: 'गरुडाची नजर.' संपादकांनी त्याचाच मथळा केला.

१२ सप्टेंबर

दारात गर्दी. पाद्रीबुवांनीसुद्धा कार्यक्रमपत्रिकेवर सही मागितली. रविवारी रिब्निकला पुन्हा शर्यत आहे. मी डोळ्याचा विषय काढला. झेनॉन म्हणाला, "एका डोळ्याने जगज्जेता झालो. दुसऱ्याची नड कोणाला आहे?"

१३ सप्टेंबर

एक गोष्ट लिहायची टाळली होती. डोळ्याचं सांगितलं त्याच संध्याकाळी झेनॉन संघातून नाव काढून घ्यायला निघाला होता. कोटही चढवला होता. मी म्हणालो, एवढी एक शर्यत कर. मला ती बातमी लिहायची होती.

आज मी म्हणालो, आता थांब. त्याने ऐकलं नाही.

रविवारी तो मरेल, अशी मला भीती वाटते.